गुरुवारची नावं

अमारा शहराच्या कडेला, वीटभट्ट्यांच्या अलीकडे आमची वस्ती. तिथल्या मुलींच्या सातवी ते नववीच्या शाळेत दर गुरुवारी सकाळी झेंडा चढतो. राष्ट्रगीत होतं आणि मग सित बहीजा, म्हणजे बहीजाबाई, आठवड्याच्या बातम्या सांगायला उभी राहते. मुख्याध्यापिका सित इल्हाम हिला बोलायचा कंटाळा, बाकीच्या शिक्षिकांना घशाचा त्रास, म्हणून हे काम बहीजाच्या गळ्यात पडलं, असं शाळेत सांगतात. ते खोटं आहे. तिने ते काम दुसऱ्या कुणाला करूच दिलं नाही.

बहीजा गणित शिकवायची. बांधा लहानखुरा, चष्मा जाड, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेत पेंगणारी पोरगी दचकून ताठ व्हायची. तिच्या बातम्यांची मुली वाट बघायच्या, कारण त्यांत कुणाची तरी पाठ थोपटली जायची आणि कुणाची तरी हजामत व्हायची. "आठवी ब, तुमचा वर्ग या आठवड्यात सगळ्यांत स्वच्छ, निशाण तुमच्या दारावर. सातवी अ, तुमची खिडकी कुणी फोडली ते मला माहीत आहे, तिने आपल्या पायांनी यावं, मला शोधायला लावू नये. नववीतल्या रुसुलचे आजोबा गेले, त्यांच्यासाठी फातिहा म्हणू या. सोमवारी लस टोचणारे येणार आहेत, ज्यांना रडायचं असेल त्यांनी घरून रडून यावं." आणि शेवटी महिन्याच्या चाचणीत पहिल्या आलेल्या मुलींची नावं. ती नावं बहीजा सावकाश घ्यायची. मुलीचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव. एकही गाळायची नाही.

हे नावांचं वेड तिला कुठून लागलं, ते तिच्या जुन्या मैत्रिणींना माहीत होतं. ती स्वतः अशाच एका अंगणात चौदा वर्षांची असताना गणितात पहिली आली होती. टपाल कचेरीत पत्रं लावणारा तिचा बाप त्या गुरुवारी फाटकाबाहेर उभा होता. पोरीचं नाव कानावर पडलं तसा तो गडी कामावर परत न जाता हलवायाकडे गेला आणि सगळ्या कचेरीला मिठाई वाटत सुटला. तो काळच वेगळा होता. पुढे लढाया झाल्या. बहीजाचा नवरा पहिल्याच लढाईत गेला, मूलबाळ नव्हतं, ती भावाच्या माडीवर राहायला आली. आणि बघता बघता आमच्याकडे बायकांची नावं नाहीशी झाली. लग्नाच्या पत्रिकेत नवरीचं नाव नसतं, "अमक्याची सुकन्या" असतं. बाई मेली की भिंतीवर काळं कापड लागतं, त्यावर "तमक्याची आई". जन्मापासून मरेपर्यंत तिला हाक मारायला नाव कशाला दिलं, असा प्रश्न पडावा! बहीजाला या गोष्टीचा मनस्वी संताप यायचा. नाव एकदा उजेडात, चारचौघांत घेतलं की ते पुसायची कुणाची छाती होत नाही, असं तिचं ठाम मत होतं. त्या मतावर तिने उभा जन्म काढला.

त्या वर्षी नववीत इब्तिहाल नावाची मुलगी होती. मागच्या बाकावर बसायची, अंगावर आजीचा वाटावा असा ढगळ काळा अबाया. शाळेत यायची मागच्या दाराने, जायचीही मागच्या दाराने. पण गणित! बहीजा फळ्यावर उदाहरण लिहून वळायच्या आत हिचं उत्तर तयार असायचं, आणि विचारल्याशिवाय ती ते सांगायची नाही. तीस वर्षांत अशी मुलगी हाताखालून गेली नव्हती. मार्चमध्ये सगळ्या जिल्ह्याची गणिताची स्पर्धा होती, जूनमध्ये नववीची सरकारी परीक्षा. ती पार केली तर पुढचं शिक्षण, ती चुकली तर सगळा खेळ खलास.

"स्पर्धेला तुझं नाव देते आहे," बहीजा तिला म्हणाली.

इब्तिहालचा चेहरा खर्रकन उतरला. "नको सित. बाबा ओरडतील."

"का ओरडतील? पोरगी पहिली येते म्हणून?"

"नको ना सित. दुसऱ्या कुणाला तरी घ्या. जैनब आहे, ती पण हुशार आहे."

"जैनबला अजून अपूर्णांक पचलेले नाहीत. तुझ्या बाबांना माझ्याकडे पाठव."

"ते नाही यायचे."

आणि खरंच तो यायचा नाही. चासिब त्याचं नाव, वस्तीत लोक त्याला अबू हमझा म्हणायचे. टँकरने घरोघरी गोड पाणी पोचवायचा धंदा. पालकांच्या सभेला तीन वर्षांत एकदाही फिरकला नव्हता. टँकर शाळेवरून जाताना दिसायचा, पण मान वळवून कधी बघेल तर शपथ. बहीजाने असे बाप ढिगाने पाहिले होते. जून जवळ आला की हे मुलींना घरी बसवतात. कुणाला विचारत नाहीत, कारण कुणाला माहीतच नसतं की घरात अशी मुलगी आहे. या खेपेला तिने ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही. बाप सभेला येत नाही ना? मग सभाच त्याच्या दारात नेऊ. सगळी वस्ती त्याचं अभिनंदन करू लागली की तो कोणत्या तोंडाने पोरीला घरी बसवील?

साधन नेमकं त्याच दिवसांत हाती आलं. दुपारी त्याच इमारतीत मुलांची शाळा भरायची, त्यांनी खेळांसाठी गच्चीवर नवा भोंगा बसवला होता. तोंड रस्त्याकडे, समोरच्या चहाच्या दुकानाकडे. मुख्याध्यापिका म्हणाली, "बहीजा, आपण तो लावायला नको. मुली अंगणातच तर आहेत, ऐकू येतं की त्यांना."

"मुलींसाठी नाहीच लावत," बहीजा म्हणाली.

त्या गुरुवारी हवा स्वच्छ होती आणि वीजही होती. बहीजाने निशाण कुणाला ते सांगितलं, पालकसभा कधी ते सांगितलं आणि मग घसा साफ केला. "सगळ्या जिल्ह्याच्या गणिताच्या स्पर्धेत आपल्या शाळेकडून उतरणार आहे, नववी अ मधली, या वर्षी प्रत्येक चाचणीत पहिली आलेली, इब्तिहाल चासिब मिझबान!" आजवर अंगणाच्या भिंतींतच राहिलेलं ते नाव भोंग्याने उचललं आणि रस्त्यापलीकडे, भट्ट्यांपर्यंत नेऊन टाकलं. बहीजाने ते दुसऱ्यांदाही घेतलं. इतकी ती खुशीत होती. टाळ्यांच्या गडगडाटात तिने रांगेकडे पाहिलं. इब्तिहाल टाळ्या वाजवत नव्हती. ती गच्चीवरच्या भोंग्याकडे बघत होती आणि तिचा हात तोंडावर होता. लाजली, असं बहीजाला वाटलं.

शुक्र-शनिवारची सुट्टी संपून रविवारी शाळा भरली, पण इब्तिहाल आली नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी शाळेच्या फाटकाशी पाण्याचा टँकर थांबला आणि त्यातून चासिब उतरला. उंच, हाडापेराने मजबूत, पायांत रबरी बूट. आत या म्हटलं तरी आला नाही, पडवीत उभा राहिला, नजर जमिनीवर.

"तुम्हीच सित बहीजा?"

"मीच. तीन वर्षं बोलावते आहे, अबू हमझा, आज उगवलात."

"आता यायला हरकत नाही. आता काय लपवायचं राहिलंय?"

"पोरगी कुठे आहे?"

"घरी."

"का? तिची स्पर्धा आहे, जूनला परीक्षा आहे. बाप आहात की वैरी?"

चासिबने मान वर केली. त्याचे डोळे लाल होते. "सित, मी तिला अडवतो, असं तुम्हाला वाटलं?"

"मग कोण? मुलगी सांगते, बाबा ओरडतील."

"ओरडणारच! मीच तिला बजावलं होतं. मागच्या बाकावर बस, शीक आणि निमूट ये. पुढे व्हायचं नाही, नाव येईल असं काही करायचं नाही." तो थांबला. "आम्ही चार भाऊ एका अंगणात राहतो. थोरला हाजी फिनजान. जमीन त्याची, शब्द त्याचा. घरातल्या मुली सहावीनंतर घरात, असा त्याचा शब्द. सगळ्यांनी हो म्हटलं, मीही म्हटलं. या शाळेच्या मागच्या गल्लीत माझी सासू अंथरुणाला खिळून पडलीय. पोरगी तिची सेवा करायला जाते, असं मी घरात सांगितलं. रोज सकाळी टँकरमध्ये खाली वाकवून बसवायचो, वरून आजीचा अबाया, आणि मागच्या दाराशी सोडायचो. माझी सख्खी मुलगी मी माझ्याच घरातून चोरून आणत होतो, सित. तीन वर्षं. आणि तुम्ही गच्चीवरून ओरडलात की चोर इथे आहे."

बहीजाने भिंतीला हात टेकला. "मला सांगायचं तरी होतं."

"सांगितलं असतं तर गप्प बसला असता?"

तिला खोटं बोलता येत नव्हतं, तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली. चासिबने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तो टँकरमध्ये चढला आणि गेला.

बहीजा हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती शाळेच्या शिपायाच्या बायकोला, उम्म रअदला, सोबत घेऊन फिनजानच्या अंगणात गेली. तिची समजूत अशी की समोर कुणी राक्षस असेल, त्याच्याशी भांडता येईल. पण हाजी फिनजान उठून उभा राहिला, गालिचावर उशी सरकवली, बायकांना चहा आणायला सांगितला. पांढरी दाढी, मऊ आवाज. म्हणाला, "या सित, घर तुमचंच आहे. माझ्या थोरल्या बहिणीला तुमच्याच बहिणीने अक्षरं शिकवली."

"मग तुम्हाला वेगळं काय सांगू? इब्तिहालला परीक्षेला बसू द्या हाजी. एवढं एकच मागायला आले."

"सांगतो. गुरुवारी चहाचा पेला हातात होता माझ्या. दुकान भरलेलं. वरून आवाज आला, मिझबान. माझ्या बापाचं नाव! भोंग्यावर नाव घेतात ते मयताचं, मला वाटलं, कुणी तरी गेलं. मग शेजारचा म्हणाला, ‘हाजी, मुबारक! तुमच्या घरची पोरगी पहिली आली.’"

"मुबारक म्हणाला ना? मग घ्यायचं होतं मुबारक."

"त्याच्यामागे एक हसला, सित. ते हसणं तुम्ही ऐकलं नाही. तुझ्या घरात काय चाललंय ते तुला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे, असं हसणं होतं ते." फिनजानने दाढीवरून हात फिरवला. "पोरगी शिकली, यात मला काय दुखतंय? माझ्या भावाने तीन वर्षं माझ्या ताटात जेवून मला वेड्यात काढलं. आता मी तिला सोडलं तर उद्या या अंगणात माझं कोण ऐकेल?"

"चूक भावाची असेल, माझी असेल. शिक्षा पोरीला का?"

"कारण भावाला देता येत नाही," तो म्हणाला. तो खरं बोलत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत होती. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

चहा घेऊन इब्तिहाल आली. पाठोपाठ साखरेची वाटी धरून तिची धाकटी बहीण, अकरा-बारा वर्षांची. इब्तिहालने पेले मांडले आणि सितकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बहीजाने तो पदरात घेतला असता. नव्हता. मुलगी एवढंच म्हणाली, "साखर एकच ना, सित?" आणि आत गेली. परतताना वाटेत उम्म रअद म्हणाली, "तुम्ही भल्यासाठीच केलंत हो." बहीजा खेकसली, "गप्प बस. भल्यासाठी केलं म्हणून तिला परीक्षेला बसवतायत का?"

मार्चमधली स्पर्धा झाली. जैनब गेली, बाराव्या नंबरावर आली. वस्तीत कुणी बातमी विचारली नाही. दरम्यान शाळेत निराळंच सुरू झालं होतं. मुली एकेकट्या, मधल्या सुट्टीत, बहीजाच्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या. "सित, माझं नाव नका घेऊ हं गुरुवारी." "सित, माझे मामा समोरच्या दुकानात बसतात." "सित, आम्ही घरी सांगितलंय की मी शिवणाच्या वर्गाला जाते." बहीजा ऐकत राहिली. इतकी वर्षं ती समजत होती की आपल्यासमोर वर्ग बसलाय. त्यातल्या कितीजणी कुणाच्या तरी पाठीमागून, कुणाच्या तरी अबायाखालून इथवर पोचल्या होत्या! भोंगा तिने पुन्हा लावू दिला नाही.

जून आला. नववीच्या परीक्षेचं केंद्र पुलापलीकडच्या शाळेत होतं. बहीजा पहाटेच जाऊन फाटकाशी उभी राहिली. इब्तिहालचं प्रवेशपत्र तिने पर्समध्ये ठेवलं होतं. आशा सुटत नव्हती. बाप तिला चोरून आणत होता ना? आणखी एक दिवस आणील. मुली आल्या, ओठ हलवत पाठांतर करत आत गेल्या. घंटा व्हायच्या जरा आधी टँकर आला. बहीजा धावत गेली. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं, खाली वाकूनही कुणी बसलं नव्हतं.

चासिब म्हणाला, "तुम्ही थांबला असाल असं वाटलं. म्हणून आलो. थांबू नका."

"काय करतेय ती?"

"रोट्या भाजतेय. भाऊ पहाटेपासून तंदूरशेजारी खुर्ची टाकून बसलाय. आज काय आहे ते त्यालाही माहीत आहे." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "आज कुठला पेपर?"

"धर्माचा."

"तो तर तिला सोपा गेला असता."

फाटक बंद झालं. दोघं ते बंद होताना बघत राहिली. मग तो म्हणाला, "ईदनंतर तिचा निकाह आहे. फिनजानच्या मुलाशी, अब्बासशी."

"पंधरा वर्षांची पोर! आणि तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणालो. बदल्यात धाकटी मागितली." आता तो भराभर बोलायला लागला. "धाकटी आजीकडे राहील, तिच्याविषयी कुणी विचारायचं नाही, असं कबूल करून घेतलं. ती सप्टेंबरला तुमच्या शाळेत येईल. भाऊ काय समजायचं ते समजलाय. पण त्याच्या कानावर येता कामा नये. कानावर आलं की त्याला काही तरी करावंच लागेल. एक दिली सित, एक ठेवली."

बहीजाचा हात शिवशिवला. या माणसाच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं. पण हा सौदा मुळात कुणी मांडायला लावला ते ती विसरली नव्हती. तिने हात पर्सवर घट्ट दाबून धरला. "इब्तिहालला हे माहीत आहे?"

"तिनेच सुचवलं," चासिब म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. भर रस्त्यात, मागे टँकरमधून पाणी ठिबकत असताना, तो धिप्पाड माणूस लहान पोरासारखा रडला. बहीजाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिच्या आत सगळं कोरडं ठक्क पडलं होतं.

धाकटी आली. तिचं नाव इथेही नको. हजेरी घेताना बहीजा त्या नावापाशी थांबायची, मान वर करून बघायची, आणि शेवटच्या बाकावरून एक बोट वर व्हायचं. बाकीच्या मुलींना वाटायचं, सितचा आता चष्मा बदलायला झाला.

नोव्हेंबरात पहिली चाचणी झाली. सातवीचे गणिताचे पेपर बहीजाने स्वतः तपासले. एका पेपरात काढण्यासारखी एकही चूक नव्हती. थोरलीच्या पेपरात निदान खाडाखोड असायची, हिच्यात तीही नाही. मुख्याध्यापिकेने तो हातात घेऊन पाहिला आणि हरखली. "बहीजा, पैकीच्या पैकी! कितीतरी वर्षांनी! उद्या हे सांगायलाच हवं. भोंग्यावर नको, नुसतं अंगणात."

"अंगणाला भिंती किती उंच आहेत?" बहीजाने विचारलं, आणि पेपर तिच्या हातातून काढून घेतला.

गुरुवारी झेंडा चढला. बहीजा उभी राहिली. तिने निशाण कुणाला ते सांगितलं, पाण्याची टाकी दोन दिवस बंद राहील ते सांगितलं, सहामाही परीक्षा कधी सुरू होणार ते सांगितलं. मग पहिल्या आलेल्या मुली. आठवी, नववी, ज्यांच्या घरी चालत होतं, त्यांची नावं तिने घेतली. मग ती सातवीवर आली. सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं.

"सातवी अ, गणित," बहीजा म्हणाली. "या चाचणीत कुणीही पहिलं आलेलं नाही."

मुलींमध्ये कुजबुज झाली, मग नेहमीच्या सवयीने टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत, ढगळ अबायातल्या एका मुलीने आवळून धरलेले खांदे खाली सोडले आणि सगळ्यांबरोबर तीही टाळ्या वाजवू लागली.